पुसलेली अर्पणपत्रिका : पिरानेसीच्या ‘ले आन्तिकिता रोमाने’चं प्रकरण

१७५६ साली रोममध्ये चार खंडांचा एक ग्रंथ निघाला. नाव ‘ले आन्तिकिता रोमाने’, म्हणजे रोमचे प्राचीन अवशेष. मोठ्या फोलिओ आकाराची पानं, तांब्याच्या अडीचशेच्या आसपास प्लेटा, आणि त्यामागे एकाच माणसाचं डोकं आणि हात : जोव्हान्नी बातिस्ता पिरानेसी. या ग्रंथाच्या अगदी सुरुवातीच्या प्रती आणि नंतरच्या प्रती शेजारी ठेवल्या, तर मुखचित्रांपाशीच थबकायला होतं. सुरुवातीच्या प्रतींत प्रत्येक खंडाच्या मुखचित्रात लॅटिन शिलालेखाच्या थाटात एका आयरिश उमरावाचं नाव आहे. नंतरच्या प्रतींत ते नाव गेलेलं आहे. जिथे होतं तिथला चित्रातला दगड टाकीचे घाव घालून फोडल्यासारखा दिसतो, आणि पहिल्या खंडात अर्पण आता भलत्याच कुणाला तरी केलेलं आहे.

ही छपाईतली गडबड मुळीच नाही. कलाकार आणि आश्रयदाता यांच्यात पेटलेल्या भांडणाचा तो पुरावा आहे, आणि तो पुरावा स्वतः कलाकारानेच ग्रंथात पक्का केला. जुन्या सचित्र ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्यांना हे प्रकरण मी नेहमी आधी वाचायला सांगतो. ग्रंथ कुणाचा असतो, पैसे देणाऱ्याचा की करणाऱ्याचा, हा प्रश्न इथे कागदावर आणि तांब्यावर लढला गेला आहे.

माणसं

पिरानेसीचा जन्म १७२० सालचा, व्हेनिसजवळच्या मोल्यानोचा. वडील पाथरवट. मामा मात्तेओ लुक्केसी व्हेनिसच्या जलव्यवस्थापन खात्यात स्थापत्यविशारद होते. बंधारे, धक्के, पाण्यात उभे राहणारे पाये हे सगळं पोराने त्यांच्या हाताखाली लहानपणीच पाहिलं. दगड कसा बसतो, भार कुठे जातो, याची नजर घरातूनच मिळाली. १७४० मध्ये तो व्हेनिसच्या राजदूताच्या लवाजम्यात चित्रकार म्हणून रोमला आला आणि जुझेप्पे वाझीकडे एचिंग, म्हणजे आम्लाच्या मदतीने तांब्यावर चित्र कोरण्याची कला, शिकला. इमारती बांधायची त्याची इच्छा होती, पण कामं मिळाली नाहीत. म्हणून इमारतींची चित्रं कोरून विकायला लागला. ‘वेनिसचा स्थापत्यविशारद’ ही ओळख मात्र तो आयुष्यभर आपल्या नावापुढे लावत राहिला.

दुसरी बाजू जेम्स कॉलफील्ड, व्हायकाउंट चार्लमाँट (अर्लपद त्याला १७६३ मध्ये मिळालं). जन्म १७२८. आयर्लंडमधला श्रीमंत, सुसंस्कृत तरुण. इटलीत आला, १७४९ मध्ये ग्रीस, तुर्कस्तान आणि इजिप्तचाही प्रवास केला, रोममध्ये ब्रिटिश चित्रकारांसाठी अकादमी काढायच्या खटपटीत पैसे घातले. पैसेवाला अडाणी अशी त्याची गणना कुणी करू नये. पुढे डब्लिनजवळ मरीनो इथे विल्यम चेंबर्सकडून त्याने जी छोटी वास्तू बांधून घेतली ती आजही पाहण्यासारखी आहे, आणि १७८५ मध्ये रॉयल आयरिश अकादमी स्थापन झाली तेव्हा पहिला अध्यक्ष तोच होता. म्हणजे पिरानेसीच्या कामाचं मोल कळण्याइतकी जाण त्याला नक्की होती. म्हणूनच जे घडलं ते जास्त लागतं.

या दोघांच्या मध्ये चार्लमाँटचे रोममधले प्रतिनिधी. त्यांत मुख्य नाव जॉन पार्कर. चार्लमाँट १७५४ मध्ये इटली सोडून गेला आणि त्यापुढचा सगळा व्यवहार मध्यस्थांच्या तोंडून चालू लागला.

ग्रंथ कसा वाढत गेला

सुरुवातीला ठरलं होतं ते लहान काम. प्राचीन रोममधल्या दफनगृहांवर एक खंड, त्याला चार्लमाँटचा आश्रय आणि त्याबदल्यात त्याला अर्पण. त्या काळी हा सरळ, रूढ सौदा होता. उमराव छपाईचा भार उचलायचा, ग्रंथावर त्याचं नाव आणि कुलचिन्ह यायचं, आणि युरोपभरच्या ग्रंथालयांत त्याच्या रसिकतेची नोंद राहायची.

पण पिरानेसीच्या हातात काम थांबेना. दफनगृहं मोजायला गेला तो रस्त्यांकडे वळला, रस्त्यांवरून तटबंदीकडे, तटबंदीवरून जलसेतूंकडे. पहिल्या खंडात त्याने शहराचा नकाशा दिला आणि नकाशाभोवती संगमरवरी तुकडे मांडले. हे तुकडे म्हणजे तिसऱ्या शतकाच्या आरंभी, सम्राट सेव्हेरसच्या काळात संगमरवरावर कोरलेल्या रोमच्या प्रचंड नकाशाचे अवशेष. ते १५६२ मध्ये सापडले होते आणि १७४२ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी ते कॅपिटोलच्या संग्रहात दिले. पिरानेसीने ते आपल्या नकाशाभोवती पसरून ठेवले आणि वाचकाला जणू सांगितलं, की हे शहर तुकड्यातुकड्यांनीच आपल्यापर्यंत आलं आहे, जोडायचं काम आपलं. दुसरा आणि तिसरा खंड दफनस्थळांचे. चौथ्यात पूल, मार्चेल्लुसचं नाट्यगृह, हेड्रियनची समाधी, म्हणजे आजचा कास्तेल सांतान्जेलो.

या ग्रंथात तो नुसता देखावा काढत नाही, हे सांगण्यासाठी एक प्लेट जवळून पाहू. तिसऱ्या खंडात आप्पियन मार्गावरच्या चेचिलिया मेतेल्लाच्या समाधीवर काही पानं आहेत. बाहेरून दिसणारा गोल बुरूज आहेच. पण त्यानंतर येते ती फक्त दगड उचलण्याची रीत. ट्रॅव्हर्टाइन या चुनखडी दगडाच्या अवजड चिऱ्याच्या माथ्यावर खाच घेतलेली, वर अरुंद आणि आत रुंद. त्या खाचेत लोखंडाचे तीन तुकडे उतरवायचे. आधी बाजूचे दोन तिरपे, मग मधला सरळ. वर कडी अडकवली आणि दोर ताणला की तिरपे तुकडे खाचेच्या भिंतींना घट्ट धरतात, आणि चिरा बाहेरून कुठेही साखळदंड न गुंडाळता सरळ वर येतो, शेजारच्या चिऱ्याला भिडवून बसवता येतो. पिरानेसीने हे तुकडे सुटे करून, प्रत्येकाची सावली पाडून, पानावर मांडले आहेत. पाथरवटाच्या घरात वाढलेल्या माणसाचंच हे काम. समाधीचं सौंदर्य वर्णन करणारे पुष्कळ होते. ती बांधली कशी हे विचारून त्याचं उत्तर तांब्यावर कोरणारे फार थोडे.

चौथ्या खंडात हेड्रियनच्या समाधीचा पाया आहे. त्यात त्याने पायाची खोली आणि धीरे वास्तवापेक्षा कितीतरी भव्य दाखवले आहेत, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. जमिनीखालचं जे दिसत नव्हतं ते त्याने आपल्या कल्पनेने आणि रोमन अभियंत्यांवरच्या अपार श्रद्धेने भरून काढलं. मोजमापाच्या पुस्तकाचा निकष लावला तर इथे तो उणा पडतो. पण आत्तापर्यंत सगळे वरचे खांब आणि कमानी पाहत होते, तेव्हा पायाकडे बघा असं ठणकावून सांगणारा तो होता.

थोडक्यात, एका खंडाचे चार झाले. तांबं वाढलं, कागद वाढला, वर्षं वाढली. खर्चही त्याच मापाने वाढला, आणि इथेच करार फाटला.

बोलणी आणि मौन

पिरानेसीची तक्रार अशी : काम चौपट झालं तरी आश्रय पहिल्या, छोट्या योजनेइतकाच धरला गेला. प्रतिनिधींनी पुढे केलेली रक्कम त्याला अपमान वाटली. त्याने चार्लमाँटला पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. आपली पत्रं धन्यापर्यंत पोचूच दिली जात नाहीत असा त्याचा संशय हळूहळू पक्का होत गेला.

तरीही ग्रंथ छापला तेव्हा अर्पण चार्लमाँटलाच होतं, चारही खंडांत. हे महत्त्वाचं आहे. त्याने आपल्या बाजूचा शब्द आधी पाळला. ऑगस्ट १७५६ मध्ये त्याने चार्लमाँटला सविस्तर पत्र लिहिलं, फेब्रुवारी १७५७ मध्ये दुसरं. या पत्रांत विनवणी नाही. मी असं काम पुरं केलं आहे की जगातल्या सर्वांत नामांकित शहराच्या अवशेषांविषयी ज्यांना कुतूहल असेल ती माणसं असेपर्यंत ते टिकेल, असं तो लिहितो. आणि त्याहून धारदार मुद्दा पुढचा : उमरावाला आपल्या पूर्वजांच्या लौकिकाची काळजी घ्यावी लागते, कलावंताला आपल्या नावाची आणि पुढच्या पिढ्यांची. उमराव आपल्या कुळातला शेवटचा असतो, कलावंत आपल्या कुळातला पहिला. तेव्हा दोघांनीही इभ्रतीला सारखंच जपलं पाहिजे.

अठराव्या शतकातल्या कोरक्याने एका लॉर्डला हे लिहावं, यातलं धाडस आज चटकन जाणवत नाही. चित्रं कोरणारा म्हणजे कारागीर, उमरावाच्या पंक्तीला बसवायचा नाही, अशी ती दुनिया. पिरानेसीने दोघांच्या नावांना एकाच तराजूत टाकलं.

मे १७५७ मध्ये त्याने तिसरं पत्र लिहिलं, रोममधले स्कॉटिश धर्मोपदेशक पीटर ग्रँट यांना. मग ही पत्रं एकत्र करून छापली : ‘लेत्तेरे दी जुस्तिफिकात्सिओने’, चार्लमाँट आणि त्याच्या रोममधल्या प्रतिनिधींना लिहिलेली समर्थनपर पत्रं. या पुस्तिकेत त्याने मूळ मुखचित्रांच्या छोट्या प्रतिकृती पुन्हा कोरून घातल्या. पुराव्याची फाइल लावावी तशी. ज्याने नाव पुसलं त्यानेच, काय पुसलं त्याची नोंदही छापून ठेवली.

पुसण्याची रीत

अर्पण काढायचंच होतं तर सोपे मार्ग होते. मुखचित्रं गाळता आली असती. तांब्यावरची ओळ खरवडून, घासून, मागून ठोकून पृष्ठ सपाट करून नवी अक्षरं कोरली असती, तर कुणाला कळलंही नसतं. एचिंगच्या कामात अशा दुरुस्त्या रोजच्याच. मेणाच्या थरावर सुईने रेघ ओढायची, आम्लाने तांबं खायचं, हवी तिथे ब्यूरिनने, म्हणजे टोकदार पोलादी कोरणीने, खोली द्यायची, नको तिथे खरवडायचं. पिरानेसीएवढा हात असलेल्या माणसाला डाग न ठेवता दुरुस्ती करणं काही अवघड नव्हतं.

त्याने डाग ठेवला. चित्रातल्या दगडावरची अक्षरं जणू कुणी टाकीने फोडून काढली आहेत, कुलचिन्हाची ढाल ठेचली आहे, असं दाखवलं. आणि ही कल्पना त्याला कुठून सुचली हे शोधायला फार लांब जावं लागत नाही, कारण ती त्याच्या रोजच्या वाटेवर उभी होती.

रोमन फोरममध्ये सेप्तिमियस सेव्हेरसची कमान आहे, इसवी सन २०३ ची. सम्राट आणि त्याचे दोन मुलगे, काराकाल्ला आणि गेटा, यांच्या सन्मानार्थ. २११ मध्ये सेव्हेरस वारला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस काराकाल्लाने भावाचा खून करवला. मग साम्राज्यभर गेटाचं नाव पुसण्याची मोहीम निघाली. कमानीवरच्या लेखातली त्याच्या नावाची अक्षरं उपटून तिथे इतर स्तुतिशब्द बसवले. पण मूळ कांस्याक्षरं ज्या खुंट्यांनी बसवली होती त्यांची भोकं दगडात राहिली, आणि त्या भोकांवरून जुना मजकूर वाचता येतो. थोडं पुढे, सान जॉर्जो इन व्हेलाब्रोच्या चर्चला लागून सराफांची कमान आहे. तिच्या आतल्या शिल्पात सम्राटाचं कुटुंब यज्ञ करतंय, आणि गेटाच्या जागी नुसता खरवडलेला मोकळा दगड. नाव पुसलं गेलं, पण पुसल्याची खूण अठराशे वर्षं टिकली.

पिरानेसीने चार्लमाँटला हीच शिक्षा दिली. रोमन पुरातत्त्वावरच्या ग्रंथात, रोमन शिलालेखाच्या रूपात लिहिलेलं नाव, रोमन पद्धतीनेच खोडलं. वाचकाला खोडलेलं दिसलं पाहिजे, ही त्या शिक्षेची अटच असते. पहिल्या खंडातलं नवं अर्पण आपल्या युगाला, पुढच्या पिढ्यांना आणि लोकोपयोगाला उद्देशून आहे. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. त्या जागी दुसरा उमराव बसवता आला असता. रोममध्ये तेव्हा श्रीमंत प्रवाशांची कमतरता नव्हती.

दुसऱ्या खंडाच्या मुखचित्राचाही इथे उल्लेख करायला हवा. आप्पियन आणि आर्देआतीन मार्ग जिथे फुटतात तिथलं कल्पनादृश्य : समाध्या, कलश, पुतळे, ओबेलिस्क, एकावर एक रचलेलं दगडी जंगल. त्यात बारकाईने पाहिलं तर समाध्यांवर त्याने आपल्या जिवंत मित्रांची नावं घातली आहेत. एक स्कॉटिश वास्तुविशारद रॉबर्ट अ‍ॅडम, दुसरा चित्रकार अ‍ॅलन रॅम्झी. दोघेही तेव्हा रोममध्ये होते. म्हणजे या ग्रंथातल्या दगडांवर कुणाचं नाव राहावं हे पिरानेसी अगदी जाणून ठरवत होता. पैसा देण्याचं नुसतं आश्वासन देणाऱ्यापेक्षा अवशेषांवर प्रेम करून हातात पेन्सिल घेऊन उभं राहणारा माणूस त्याला त्या जागेला लायक वाटत होता.

न्याय कुणाच्या बाजूला

हे सगळं आपल्याला मुख्यतः पिरानेसीच्याच पुस्तिकेतून कळतं, त्यामुळे एका बाजूची कैफियत म्हणून ती वाचली पाहिजे. चार्लमाँटची बाजू धरून विचार केला तर मुद्दा सरळ आहे. त्याने एका खंडाला होकार दिला होता. कलाकाराने आपल्या उत्साहात चार केले आणि वाढीव बिलही त्याच्याच माथी आलं. हजारभर मैलांवर बसलेल्या माणसाला मध्यस्थांनी जे सांगितलं ते त्याने मानलं असेल, तर त्याला विश्वासघातकी म्हणणं कठीण.

तरीही माझा कौल पिरानेसीकडे जातो, आणि तो पैशाच्या मुद्द्यावर नाही. पैशाचा हिशेब वादग्रस्त आहे. मौनाचा नाही. ज्याचं नाव चार खंडांच्या कपाळावर कोरलं जातंय त्याने हो किंवा नाही, एवढं तरी कळवायचं होतं. नको असेल तर अर्पण नाकारता येतं. नाव राहू द्यायचं आणि पत्राला उत्तर द्यायचं नाही, हे कलावंताचं काम फुकट वापरणंच झालं. पिरानेसीचा राग प्रतिनिधींवर जास्त होता आणि शिक्षा धन्याला झाली, एवढा अन्याय मात्र त्याच्या पदरी टाकावा लागतो.

पुढे काय झालं

भांडणाने पिरानेसीचं नुकसान झालं नाही. १७५७ मध्येच लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजने त्याला सन्माननीय सदस्य करून घेतलं. ज्या देशांतल्या लॉर्डवर त्याने जाहीर आरोप केले, त्याच देशांतल्या वास्तुविशारदांच्या कपाटांत हे खंड गेले. १७६१ मध्ये त्याने स्त्रादा फेलिचे इथल्या पालात्सो तोमातीमध्ये बिऱ्हाड हलवलं आणि तिथून आपले ग्रंथ आणि चित्रं स्वतः छापून विकू लागला. प्लेटा त्याच्या, छापखाना त्याचा, गिऱ्हाईकही थेट त्याचं. १७६२ मध्ये ‘कांपो मार्त्सिओ’ हा मोठा ग्रंथ निघाला तो रॉबर्ट अ‍ॅडमला अर्पण केलेला होता. आश्रय त्याने पुढेही घेतला. पोप क्लेमेंट तेरावे हे व्हेनिसचेच, त्यांच्या घराण्याने त्याला भरपूर दिलं. अव्हेंटाइन टेकडीवरच्या सांता मारिया देल प्रिओरातो या चर्चची पुनर्बांधणी हे त्याला प्रत्यक्ष बांधायला मिळालेलं मोठं काम त्याच आश्रयातून आलं. पण तांब्याच्या प्लेटांवरची मालकी त्याने कुणाला दिली नाही.

प्लेटांचा पुढचा प्रवासही मोठा आहे. १७७८ मध्ये पिरानेसी वारला. मुलगा फ्रान्चेस्को याने धंदा चालवला. १७९८ च्या रोमन प्रजासत्ताकात तो पुढे होता, ते कोसळल्यावर १७९९ मध्ये तो पॅरिसला गेला आणि प्लेटाही तिकडे गेल्या. तिथे पुन्हा छपाई झाली. नंतर फर्मँ-दिदो या प्रकाशनगृहाने त्या छापल्या, आणि १८३९ च्या सुमारास पोपच्या सरकारने विकत घेऊन रोमला परत आणल्या. आज त्या रोममधल्या इस्तितूतो चेंत्राले पेर ला ग्राफिका या संस्थेत आहेत.

त्यामुळे हाती आलेली प्रत नेमकी कोणत्या टप्प्यातली हे पाहताना या प्रकरणाचा थेट उपयोग होतो. चार्लमाँटचं नाव शाबूत असेल तर ती अगदी आरंभीची. दगड फोडलेला आणि पहिल्या खंडात नवं अर्पण असेल तर त्यानंतरची. ही आयुष्यात छापलेली की मृत्यूनंतरची, हे मग कागदावरून आणि रेघांवरून ठरवायचं. जुना रोमन कागद जाड, जाळीच्या रेघांचा असतो, पॅरिसच्या छपाईचा कागद पोताने वेगळा. काळ्या छायांत शाई मखमलीसारखी दाट उतरली आहे का हे पाहावं, कारण शेकडो वेळा दाबाखाली गेलेल्या प्लेटवर आम्लाने खाल्लेल्या बारीक रेघा आधी झिजतात आणि सावल्या राखाडी पडतात. खंड नंतर एकत्र बांधलेले असू शकतात, म्हणून चारही मुखचित्रं वेगवेगळी तपासायला हवीत. पहिला खंड एका टप्प्यातला आणि तिसरा दुसऱ्याच टप्प्यातला असं होऊ शकतं. एका मुखचित्रावरून सगळ्या संचाचं वय ठरवू नये.

ग्रंथालयाच्या नोंदीत नुसतं ‘१७५६, चार खंड’ लिहून भागत नाही. प्रत्येक खंडाच्या मुखचित्रावर नाव आहे की नाही, हे वेगळं नोंदवावं, आणि जिथे ‘लेत्तेरे’ची पुस्तिका उपलब्ध असेल तिथे तिच्यातल्या प्रतिकृतींशी ताडून पाहावं. मूळ अर्पण कसं दिसत होतं याची पिरानेसीनेच कोरलेली साक्ष तिथे आहे.